न फुटणारं पायस

हातातला चहा आधी संपवा बरं. नंतर नाकातून आला तर मी जबाबदार नाही.

कारण आता सांगणार आहे तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोळ आहे. लहानसहान घोळ मी रोजच घालते, ते धरतच नाही. हा मात्र मी साठ बायकांसमोर, हातात खडू घेऊन, अगदी छाती पुढे काढून घातला. वर सगळ्यांना डावाने वाढलासुद्धा!

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी डोंबिवलीला एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान वाटतं. एका लग्नाच्या पंगतीत मला शेजारच्या बाईंनी "पित्तावर काय घ्यावं हो?" असं विचारलेलं आहे, तेही तिसरी जिलबी खाताना. तर तसलं काही नाही. आम्ही कोल्ड क्रीम करायचो.

कोल्ड क्रीम म्हणजे काय? तेलात पाणी. बस्स! तेलात पाण्याचे इतके बारीक थेंब अडकवायचे, की आपण शेजारी शेजारी राहतोय हे दोघांनाही कळू नये. ऐकायला सोपं आहे. पण तेल आणि पाणी, जन्माचं हाडवैर. आज गुण्यागोविंदाने नांदतील आणि तीन आठवड्यांनी दुकानदाराने डबीचं झाकण उघडलं की वर तेल, खाली पाणी, आणि मधे आमच्या शेठचा लाल चेहरा.

"नीलिमाबेन, आजपण फुटला?" शेठ रोज सकाळी लॅबच्या दारात उभे राहून विचारायचे. जसं काही मी मुद्दाम फोडत होते!

मग मला एक वाट सापडली. अमिनो आम्लं. घाबरू नका, दोन मिनिटांत आटपते. डाळीत, दुधात प्रथिनं असतात ना, ती ज्या मण्यांची बनतात ते हे मणी. त्यातला एक मणी घ्यायचा आणि त्याला खोबरेल तेलातलं एक लांब शेपूट जोडायचं. मण्याचं डोकं पाण्याला धरतं, शेपूट तेलाला. काम साबणासारखं, पण साबणासारखं कातडीला ओरबाडत नाही. योग्य मणी आणि योग्य क्षार शोधायला मला आठ महिने लागले. शेवटी माझं क्रीम पाच आठवडे टिकलं. पाच! मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

घरी सांगावं म्हटलं, तर ऐकणार कोण? नवऱ्याला क्रिकेट. उरल्या माई.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. कल्याणच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी चिठ्ठीवर घाईत 'दुध आणा' लिहून गेले, तर आधी लाल पेनाने 'दू' दीर्घ करायच्या आणि मग दूध आणायला निघायच्या. बाई प्रेमळ, पण बोलणं मोजकं. माझ्या कामाबद्दल मी त्यांना चार वर्षांत तीनदा सांगितलं होतं आणि त्यांनी तिन्हीदा "अस्सं" म्हटलं होतं. मला माई फार आवडायच्या, त्यामुळे ते "अस्सं" जरा जास्तच लागायचं.

निवृत्त झाल्यावर माई आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या कार्यवाह झाल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं, बायकांनी नुसत्या रांगोळ्या का काढायच्या, शास्त्र ऐकायला नको? पहिलं व्याख्यान ठेवलं ग्रहणांवर. आल्या चौघी. त्यातली एक मागच्या हळदीकुंकवाला विसरलेली छत्री न्यायला आलेली.

मंडळाच्या अध्यक्ष कर्णिक काकू. त्या हसतच म्हणाल्या, "माई, तुमचा उत्साह दांडगा आहे हो. पण पुढच्या खेपेला हॉल भरला नाही तर हे शास्त्रबिस्त्र बंद करू या. आपली पाककृती स्पर्धाच बरी."

त्या दिवशी मी आमटीत मीठ टाकायला विसरले होते. एरवी माईंनी पहिल्या घासाला सांगितलं असतं. त्या दिवशी मात्र गुपचूप जेवल्या आणि ताट उचलताना म्हणाल्या, "नीलिमा, पुढचं व्याख्यान तू देशील?"

अहो, मी! माझा घास तसाच राहिला.

"माझी एकच अट," माई म्हणाल्या. "मराठीत बोलायचं. उगाच इंग्रजीची खिचडी नको."

झालं! मी वाचनालयातून शास्त्रीय परिभाषेचा कोशच घरी आणला. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, कारखान्यात तर हिंदी, गुजराथी आणि शिव्या. कोश उघडला आणि धन्य झाले. 'सरफॅक्टंट'ला शब्द मिळाला पृष्ठक्रियाकारक. आणि 'इमल्शन'ला मिळाला पायस.

पायस! काय गोड शब्द, नाही?

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, पायस म्हणजे खीर हे तुला ठाऊक नव्हतं? नव्हतं हो! आमच्याकडे खिरीला खीरच म्हणायचे. पायसबियस कीर्तनात येत असेल, पण कीर्तनात मी प्रसादाच्या वेळेलाच जायचे.

मी ऐटीत विषय लिहून माईंच्या हातात दिला. 'अमिनो आम्लजन्य पृष्ठक्रियाकारकांच्या साहाय्याने तेलात-पाणी पायसाचे स्थिरीकरण.'

माईंनी चष्मा लावून वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"पायस हा शब्द तुझा?"

"छे, कोशातला आहे माई! अगदी अधिकृत."

"अस्सं," माई म्हणाल्या. "एवढं लांबलचक फळ्यावर मावायचं नाही. मी जरा छाटते. आणि नमुना देणार आहेस ना सगळ्यांना? कशात देणार? वाट्या आणायला सांगू या."

बघा, किती व्यवहारी बाई! मला तर त्यांचा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात झळकलं: 'पायस फुटू नये म्हणून… प्रात्यक्षिकासह. येताना प्रत्येकीने वाटी आणावी.'

शनिवारी दुपारी मी पाच लिटरचा स्टीलचा डबा भरून ताजं क्रीम घेऊन गेले. पांढरंशुभ्र, मऊ, डाव फिरवला की वळी पडणारं. कोशाच्या नादात एक शहाणपण आणखी केलं होतं. बायकांना आवडेल म्हणून त्यात गुलाबाचा वास घातला होता.

हॉलच्या दारात पोहोचले आणि दचकले. साठ बायका! खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, दोघी खिडकीच्या कट्ट्यावर. वाट्यांचा नुसता खणखणाट. काहीजणींनी वाटीबरोबर चमचा आणलेला, एकीने तर झाकणाचा डबा. मला भरून आलं. म्हटलं, डोंबिवली ती डोंबिवली! काय ही ज्ञानाची तहान!

पहिल्या रांगेत माई वही-पेन घेऊन बसलेल्या. शेजारी कर्णिक काकू, गर्दी बघून जरा हिरमुसलेल्या. आणि कडेला भिंतीला टेकून खाडीकाठच्या जनाआजी भोईर. उभा जन्म मासळी विकलेल्या, मंडळातल्या सगळ्यात वयस्कर सभासद. कार्यक्रम कुठलाही असो, आजी हजर.

मी खडू उचलला. "भगिनींनो, पायस फुटतं याचं दुःख मी आठ महिने भोगलंय."

"आई गं!" मागून कुणीतरी कळवळलं.

"आधी दोन भांडी घ्यायची. एकात तेल, एकात पाणी."

जरा कुजबूज झाली. "दूध नाही?" एकीने विचारलं.

"दुधाची गरज नाही. तेलात पाणी."

"काटकसरीचं आहे हो," दुसरी पहिलीला म्हणाली आणि लिहून घेऊ लागली.

"कुठलं तेल? शेंगदाण्याचं?"

"शेंगदाण्याचं खवट होतं. आम्ही बिनवासाचं पांढरं तेल घेतो. त्यात मधमाश्यांचं मेण वितळवायचं."

"मध म्हणायचंय त्यांना," खिडकीतल्या बाईंनी शेजारणीला समजावलं.

"दोन्ही भांडी सारखीच गरम हवीत. मग तेलात पाणी अगदी बारीक धारेने सोडायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की फुटलंच म्हणून समजा!"

साठ माना एकदम डोलल्या. सांगते तुम्हाला, आमच्या कॉलेजात एवढ्या माना कुठल्याच प्राध्यापकांपुढे डोलल्या नसतील.

"साखर कधी घालायची?" मधल्या रांगेतून प्रश्न आला.

मी काही बोलायच्या आत माईंना मोठ्ठा खोकला आला. "प्रश्न शेवटी हं," त्या मागे वळून म्हणाल्या. मी मनात म्हटलं, सासू असावी तर अशी. माझा ओघ तुटू देत नाही!

मग मी मुद्द्यावर आले. "फुटू नये म्हणून घालायचं अमिनो आम्ल."

"आम्ल? अहो, आम्लानं तर नासेल!"

"तीच तर गंमत! हे आम्ल नासू देत नाही, सांधून धरतं. चायनीजच्या गाडीवर ती पांढरी पूड टाकतात बघा, त्याच कुळातलं. आम्ही त्याला खोबरेल तेलातलं शेपूट लावतो. म्हणजे कसं, आपण सुना. डोकं सासरी, पण शेपूट माहेरी अडकलेलं. दोन्ही घरं धरून ठेवतो ना आपण? तसंच हे. अर्धं पाण्याचं, अर्धं तेलाचं."

टाळ्या! खऱ्या टाळ्या हो! कर्णिक काकूंनीसुद्धा दोन वाजवल्या. मी तर आता जमिनीपासून वीतभर वर होते.

"याला म्हणतात पृष्ठक्रियाकारक," मी ठासून सांगितलं.

"पाठदुखीवरही चालतं म्हणे," कुणीतरी पुढचीला कळवलं.

एवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक आजीबाई उठल्या. शेजारी त्यांची नवी नवी सून, हिरव्या बांगड्यांतली. "बाळ, रामायणात दशरथानं राण्यांना दिलं, ते पायस हेच का गं?"

मी मनात कपाळावर हात मारला. म्हटलं, प्रत्येक व्याख्यानाला एकतरी असतंच, 'हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतं' म्हणणारं. वाद कशाला घाला? मी गोड हसून म्हणाले, "हो आजी, तत्त्व तेच. फक्त आता आम्ही ते कंपनीत करतो."

सून कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, उकडत असेल.

मग नमुना. दोन भगिनींनी डबा फिरवला आणि प्रत्येकीच्या वाटीत डावभर क्रीम घातलं. नव्या सुनेच्या वाटीत दोन डाव. तेवढ्या वेळात मी पाठ करून फळा पुसत होते. माझ्या मागे काय चाललंय, ते मला दिसायला डोळे पाठीला थोडेच होते?

वळले तेव्हा सगळ्यांचे चेहरे गंभीर. काहींची बोटं ओठांशी.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुणी हौसेने केलेल्या पदार्थाला तोंडावर नाव ठेवायचं नाही. आणि इथे तर कार्यवाहांची सून!

"वेगळंच आहे हो," एक म्हणाली.

"हलकं आहे," दुसरी म्हणाली.

"जिभेवरून हलत नाही पण. टिकतं बाई," तिसरीने भर घातली.

जिभेवरून? मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, 'जागेवरून' म्हणाली असेल. मी जोरात पुढे सुटले, "टिकणारच! आणि रोज वापरायचं. सकाळी अंघोळ झाल्यावर आणि झोपताना. थंडीत दिवसातून तीनदा. लहान मुलांना तर अंगभर चोपडायचं!"

"अंगभर?" कर्णिक काकूंनी वाटी खाली ठेवली.

 तेवढ्यात भिंतीकडून जनाआजींचा खणखणीत आवाज आला.

"आगो पोरी, सगला बरा हाय, पन यान साकर टाकाची इसरलीस का काय?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. वाट्या. चमचे. मध. साखर. दशरथ! अगंबाई, दशरथ!

"अहो, हे खायचं नाही!" मी किंचाळलेच. "हे तोंडाला लावायचं!"

साठ पदर एकदम साठ तोंडांवर गेले. कुणी थुंकायला खिडकी शोधतंय, कुणी पाण्याचं पिंप. दुसऱ्या रांगेतल्या आजीबाई सुनेचे खांदे गदागदा हलवत, "गिळलंस का गं? गिळलंस?" आणि ती बिचारी मान हलवत, "तुम्हीच म्हणालात, आई, सगळं संपव!"

मी कासावीस. माईंकडे बघायची हिंमत होईना. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं आणि मी त्यांच्या अख्ख्या मंडळाला कोल्ड क्रीम चारलं होतं! आता शास्त्र बंद, कार्यवाहपद बंद, आणि घरी बहुतेक 'अस्सं'सुद्धा बंद.

"काही होणार नाही ना हो?" एकीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"नाही नाही! शुद्ध तेल आणि मेण आहे. फार तर…" खरं बोलणं भाग होतं. "फार तर उद्या सकाळी पोट साफ होईल."

 खिडकीतल्या बाईंनी लगेच वाटी पुढे केली. "मग आमच्या ह्यांच्यासाठी आणखी थोडं घाला."

आणि हॉल फुटला. अशा हसल्या बायका, की सांगता सोय नाही. एकमेकींच्या अंगावर पडून, डोळे पुसत. त्या गोंधळात माझं लक्ष जनाआजींकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. वाटीतलं क्रीम बोटाने घेऊन आपल्या तळहातावर हळूहळू जिरवत होत्या. बर्फ, मीठ आणि खवले यांनी त्या तळहातांना उभ्या-आडव्या चिरा पडलेल्या. चोळून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात नाकाशी नेले, मग गालांना लावून बघितले.

"आग होत नाय," त्या म्हणाल्या. "साबन लावला का झोंबता. या नाय झोंबत. कंदी फुटाचा नाय ना या?"

"पाच आठवडे तरी नाही, आजी." आठ महिन्यांत मला शेठने हिशेब विचारले होते, अहवाल विचारले होते. हे क्रीम कुणाच्या हाताला लागणार आहे, हे मीही विसरून गेले होते.

कर्णिक काकू उठल्या. मी डोळे मिटून घेतले. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी खायचं की लावायचं ते फळ्यावर स्पष्ट लिहीत जा, माई." म्हणजे पुढची वेळ होती! आणि मग त्या ओठांवर जीभ फिरवून हळूच मला म्हणाल्या, "ओठ मात्र मऊ झाले हो."

संध्याकाळी घरी आल्यावर मी थेट स्वयंपाकघरात तोंड लपवलं. माई बाहेर आरामखुर्चीत बसून कोपरांना क्रीम लावत होत्या.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली आणि वही पुढे केली. दोन पानं भरलेली. चित्रसुद्धा काढलेलं, गोल थेंब आणि त्याभोवती शेपट्या. "डोकी आत पाण्यात, शेपट्या बाहेर तेलात. बरोबर?"

बरोबर होतं. अगदी बरोबर. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते मला त्या दोन पानांत मिळालं आणि मी चक्क रडले. माईंनी मला रडू दिलं. मग एकाएकी माझ्या लक्षात आलं, या चित्रात खिरीचा कुठे मागमूसही नव्हता. आणि तो खोकला?

"माई, पायस म्हणजे खीर, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीस वर्षं मराठी शिकवलंय मी."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू शब्द बदलला असतास."

"बदललाच असता!"

"मग?" माई दुसऱ्या कोपराकडे वळल्या. "तेलात पाणी कसं राहतं, हे ऐकायला कोण आलं असतं गं? मी तरी आले असते का?"